एकशे दोन किलोंचं बाळ

...आणि वर मलाच विचारतात, "काकू, तुम्हाला बॉक्सिंगमधलं काय कळतं?" अहो, कळायचंय काय त्यात? दोन माणसं, दोऱ्यांचा चौकोन, आणि ज्याला आधी खाली बसावंसं वाटेल तो हरला! पण तुम्हाला सांगते, खरी मारामारी तिथे नसतेच मुळी. ती असते आधीचे दोन महिने, वजनकाट्यावर. आणि तो वजनकाटा होता माझ्या घरात, म्हणून तर हा सगळा घोळ माझ्या गळ्यात आला!

आता बाळ म्हणजे आमच्या समोरच्या दारातला. हाक मारायला बाळ, आणि उंची दारापेक्षा चार बोटं जास्त, त्यामुळे आत येताना वाकतो आणि जाताना विसरतो. आमच्या चौकटीला वरती खळगा पडलाय, त्याच्या कपाळाला काही नाही! स्वभावानं म्हणाल तर गाय. जिन्यात मुंग्यांची रांग दिसली तर हा कठडा धरून पलीकडे उडी मारणार, मग खालच्या मजल्यावरचे ओरडणार, "छत पडलं, छत पडलं!" असं पोरगं लोकांना ठोसे मारतं यावर माझा अजून विश्वास बसत नाही. पण आपल्याला काय करायचंय म्हणा!

तर आधीच्या दोन लढती हा हरला. पहिलीला सत्त्याण्णव किलो होता, समोरच्यानं नुसतं ढकललं की हा आपला मागे, परत ढकललं की परत मागे, जसं काही कपाट सरकवतायत! मग त्याच्या आईनं घेतलं मनावर. उठल्याबरोबर अंडी, अंड्यांवर दूध, दुधावर बटाटे... दुसऱ्या लढतीला साहेब एकशे बारा! चौथ्या राउंडला अशा धापा टाकायला लागला की तिसऱ्या रांगेत बसून मीच त्याच्या वाटचा श्वास घेत होते. आणि आता तिसरी लढत कोणाशी, तर त्या डोंगराशी. डोंगर हे त्याचं नाव नाही हो, पण एकदा बघितलात तर दुसरं नाव सुचायचं नाही. एकशे तीस किलो! बाळनं आईला शब्द दिलेला, "ही हरलो तर ग्लोव्ह्ज खुंटीला. परत गोदामात पोती उचलायला जाईन." बारा वर्षं पोरगं ह्या एकाच गोष्टीमागे लागलंय, आणि हे सांगताना हसत होतं. हसत होतं, पण कपाचा कान मोडून त्याच्या हातात आला होता. माझाच कप.

आता ह्याला शिकवतो तो शिट्टीमास्तर. गळ्यात शिट्टी, तोंडात शिट्टी, खूश झाला की एकदा फुंकणार, चिडला की दोनदा. त्याचं एकच म्हणणं, "एकशे दोन! पावभर जास्त नाही, पावभर कमी नाही! एकशे दोनला ह्याचे पायही नाचतात आणि हातही चालतात!" त्यावर बाळची आई काय म्हणावी? "एकशे दोन? अहो, एकशे दोन तर ताप असतो!"

आणि मास्तरचा नियम असा, की वजन उठल्या उठल्या करायचं, पाण्याचा घोट घ्यायच्या आधी, रोज एकाच काट्यावर, आणि सातच्या आत आकडा फोनवर कळवायचा. आता त्याच्या जिममधला काटा एका पैलवानानं आकडा पटला नाही म्हणून ठोसा मारून मोडलेला. बाळच्या घरचा आईनं लपवलेला, म्हणे रोज मोजलं की लेकरू खंगतं! मी आपली त्यांच्या दारात उभी होते. सहज. दार उघडंच होतं, म्हणजे थोडं मी ढकललं होतं. तोंडातून निघून गेलं, "माझ्याकडे आहे की काटा!" आपल्याला काय करायचंय म्हणा, पण शेजारधर्म नावाची काही गोष्ट आहे की नाही?

झालं! रोज साडेसहाला टकटक. बाळ काट्यावर उभा राहणार, पण त्याला आकडा दिसेना, मधे छाती! वाकला की सुई नाचायची. मग मी चष्मा लावून, गुडघे टेकून, पलंगाखाली हरवलेली कुडी शोधावी तशी आडवी होऊन आकडा वाचायचा. पहिल्या दिवशी एकशे नऊ. मास्तरनं फोनवर दोनदा शिट्टी फुंकली, माझा तो कान अजून नीट ऐकत नाही. मग सुरू झालं जिने चढणं, दिवसाला चाळीस वेळा, आणि पाठीवर ओझं हवं म्हणून आमच्या ह्यांना घेऊन! हे वर्तमानपत्र वाचत बसायचे त्याच्या खांद्यावर. लग्नानंतर इतके कुठे फिरले नव्हते! मला म्हणायचे, "तू त्याची शेजारीण आहेस का मॅनेजर?" मी म्हटलं, "तुम्ही ओझं आहात, ओझ्यानं बोलू नये."

सहाव्या आठवड्यात आला की हो एकशे दोनावर! पुढचे दोन आठवडे सुई जागची हलली नाही. मी सगळ्या इमारतीला आकडा सांगून आले.

लढतीच्या आदल्या दिवशी दुपारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर वजन करतात. आम्ही सगळे गेलो, मी तर पुढच्याच रांगेत, हक्कानं! आधी डोंगर चढला, काटा कण्हला. मग बाळ. आणि काट्याशी उभा असलेला माणूस ओरडला, "एकशे सहा!"

एकशे सहा? मास्तरच्या तोंडातून शिट्टीच निघेना.

आता हेवीवेटला वरची मर्यादा नसते बरं का, म्हणजे लढत काही रद्द होत नाही. पण बाळ! कपडे बदलायच्या खोलीत डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेला. "काकू, सकाळी एकशे दोन होतो. अर्ध्या दिवसात चार किलो? माझं अंगच फितूर झालं. चौथ्याला परत श्वास जाणार. उद्या मी उभाच राहत नाही." आई आपली, "एकच बटाटा दिला हो मी!" मास्तर, "एका बटाट्याचे चार किलो होतात?" दारात एक वर्तमानपत्रवाला पेन घेऊन उभा. आणि मी, तुम्हाला सांगते, आपली छताकडे बघत होते! कारण ते चार किलो कुठे आहेत ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

काट्याच्या खाली एक छोटी चकती असते. ती फिरवली की सुई मागे जाते. डॉक्टरीणबाई सारख्या माझ्या मागे लागल्या होत्या, वजन कमी करा, कमी करा, म्हणून मी कमी केलं होतं. चकतीनं! अहो, काटा माझा, घर माझं, मग त्यानं माझ्या मनासारखं सांगितलं तर बिघडलं काय? आणि पुढे विसरूनच गेले हो, खरंच, ते थेट त्या खोलीत आठवलं!

गप्प बसले असते तर कोणाला कळलं असतं? आपल्याला काय करायचंय म्हणा! पण टॉवेलखालून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मी बोलून गेले.

"बाळ, तू आज नाही वाढलास रे. दोन आठवडे तू एकशे सहाच आहेस. काटा चार किलो कमी दाखवतो. मी फिरवलाय."

"कशासाठी?" मास्तर.

"कशासाठी म्हणजे? माझ्यासाठी!"

"म्हणजे तुमचं खरं वजन..."

आणि सांगितलं मी! सगळ्यांदेखत, डोळे मिटून, अख्खा आकडा! आमचे हे दचकले. तीस वर्षं संसार केलाय, त्यांनाही नवीनच होतं.

मास्तर बोटं मोजायला लागला. "थांबा. म्हणजे गेल्या आठवड्यात हा सरावात आठ राउंड खेळला, तो एकशे सहावर?"

"हो."

"चाळीस वेळा जिना?"

"ह्यांच्यासकट!"

"आणि धाप नाही लागली?"

"ह्यांना लागली!"

टॉवेल खाली आला. बाळनं एकदा स्वतःच्या पोटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि असा हसला, असा हसला, की बाकाचा एक पाय गेला.

दुसऱ्या दिवशी काय सांगू तुम्हाला! डोंगराची युक्ती अशी, की अंगावर रेलायचं, समोरच्याचे पाय थकवायचे. रेलला. बाळ हललाच नाही. परत रेलला. बाळ उभाच, आणि खालून आपला टपाटप टपाटप! चौथा राउंड आला, मी सवयीनं मोठा श्वास घेऊन ठेवला, पण पोरानं मागितलाच नाही. सहाव्याला डोंगराला खाली बसावंसं वाटलं. बसला. आणि बसूनच राहिला! बाळची आई मला मिठी मारून रडली, मी मास्तरला मारली, तो एकदाच शिट्टी फुंकायला गेला आणि चुकून गिळणार होता!

आता पुढचे रांगेत उभे आहेत. आधी डावरा, मग तो पूर्वी खाटीक होता तो, आणि दोघं आडवे झाले तर चॅम्पियनचा पट्टा ज्याच्या कमरेला आहे तो स्वतः. मास्तर म्हणतो, "डावरा चपळ आहे, त्याला एकशे चार. खाटकाला एकशे सात." आई म्हणते, "तिघांना एकदमच बोलवा, एकशे बाराला उरकून टाकू." आणि काटा माझाच, डोळे माझेच, चकतीला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम आहे.

फक्त तो मेला वर्तमानपत्रवाला! बाळची बातमी आतल्या पानावर दिली दोन ओळींत, आणि माझी चौकटीत, आकड्यासकट! बाळ जगात पहिला येईल तेव्हा येईल, पण आज आमच्या गल्लीत शेंबड्या पोरापासून सगळ्यांना दोन वजनं पाठ आहेत. एक त्याचं, एकशे सहा. आणि दुसरं मी काही तुम्हाला सांगायची नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा... ग्रॅमपर्यंत सांगेल.