अर्थमंत्र्याची सोयरीक

— नको, आढेवेढे नकोत, अबू रकान. कॉफीचा पेला तोंडाला न लावता खाली ठेवलास, तेव्हाच समजलं. आणि खरं सांगू, माझ्या पोरीनं, लमीसनं, सकाळीच कानावर घातलं होतं. तुझ्या पोरासाठी, रकानसाठी, तिला मागायला आलायस. मी 'कॉफी पी' म्हटलं की सोयरीक पक्की, नाही म्हटलं की तसाच उठून जाशील. ती बघ, दाराआड उभी आहे. राहू दे. कुणाच्या घरात जायचंय ते तिलाही कळू दे. पण एकटाच आलास? मागणी घालायला गावातली चार जाणती माणसं आणायची असतात — हां, कोण येणार म्हणा! मंत्री होतास तेव्हा आला असतास तर माझ्या उंबऱ्यात चपला ठेवायला जागा उरली नसती. आता खुर्ची गेली, माणसंही गेली.

मी घडवलं तुला — हसू नकोस. मेंढपाळाचं पोर, दुसऱ्याचे बूट घालून माझ्या साप्ताहिकाच्या दारात उभा होतास. पहिला लेख कशावर लिहिलास? रोटीवर. रोटी महाग करणाऱ्याच्या घशाखाली घास कसा उतरतो, असं विचारलं होतंस — काटा आला होता माझ्या अंगावर. तुरुंगात गेलास, बाहेर आलास ते लोकांच्या खांद्यावर बसून. त्याच खांद्यांवरून संसदेत. तिथून अर्थखात्यात — तिथं मात्र खांदे लागत नाहीत, तिथं नुसती मान लागते, हलवायला. आणि काय केलंस? रोटीचं अनुदान काढलंस. काढलंस तर काढलंस — तिजोरीत खडखडाट होता म्हणे, असेल बाबा — पण टीव्हीवर काय म्हणालास? लोक स्वस्त रोटी मेंढ्यांना घालतात! घालतात की. तुझी आईच घालायची. रोटीच्या भट्टीवरचे शिळे तुकडे गोणीत भरून न्यायची, आणि त्याच मेंढ्या विकून तू शिकलास. ती ऐकत होती, इथंच बसून. तशीच उठून बाहेर गेली. मी हे सगळं छापलं, तर आठवडा संपायच्या आत साप्ताहिकाचा परवाना गेला. तू नाही काढलास? बरं, नाही काढलास. वाचवलासही नाही.

मत्सर? मला? कसला डोंबलाचा मत्सर! तू मंत्री झालास तेव्हा मी काय फोनला चिकटून बसलो होतो — सल्लागार म्हणून बोलावशील म्हणून? आणि तो नवा सूट? तो शिवला होता पुतण्याच्या लग्नासाठी. म्हणजे — लग्न झालं नाही अजून, पण ठरत होतं. लमीस, हसायचं काम नाही. — रडतेस होय? अगं, रडायला काय झालं?

ऐक, अबू रकान. बाप आहे मी, कसाई नाही. पोरगा गुणी आहे तुझा, तुझ्यावर गेला नाही. होकार देतो, पण एका अटीवर. आत्ता उठायचं, खालच्या बाजारातून पायी जायचं, भट्टीपुढच्या रांगेत उभं राहायचं आणि सोयरिकीच्या जेवणाची रोटी स्वतः घेऊन यायची. लोक बोलतील ते ऐकायचं. बस्स. परत आलास की हा पेला मीच तुझ्या हातात देतो.

का? उठत का नाहीस? दिवसाउजेडी कुणी खात नाही तुला. — पोरासाठीसुद्धा नाही? बरं. समजलं. ऐकलंस ना लमीस, नकार तुझ्या बापानं दिला नाही, ह्यानं दिला! ऊठ आता, मंत्रीसाहेब, मागच्या दारानं जा, ती गल्ली मोकळी असते. लमीस, पाहुण्यांना वाट दाखव. — लमीस? अरे, पुढचं दार उघडं कसं? बघ, बघ त्या खिडकीतून — पायऱ्या उतरून निघाली की ही, भट्टीकडंच! लमीस! तुला नव्हतं सांगितलं, पोरी! तुझ्या नावानं लोक तिला काय काय ऐकवतील, अबू रकान — बसून काय राहिलास, जा की तिच्यामागं! — मी?

मी कसा जाऊ? मला तिथं सगळे ओळखतात.