दुभाष्यांचं विमान

जर्मनीत, स्टुटगार्टच्या एस-बान लोकलमध्ये समोर बसलेला अफगाण नजीब वीणा नावाच्या बाईशी फाडफाड मराठी बोलत होता. माझ्या नेहमीच्या थापांतली नाही हो ही, शप्पथ!

“वीणाताई, जर्मन सैन्य अफगाणिस्तानातून माघारी निघालं, तरी बंडखोरांशी लढायला शिकवणारे सल्लागार मागे राहणार होते. आम्हा दुभाष्यांना मात्र तिथेच वाऱ्यावर सोडणार होते.”

“आल्झो, म्हणजे, सैन्याच्या प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये मी एवढंच विचारलं, सल्लागार काय हातवारे करून शिकवणार?”

“म्हणून आम्हाला सल्लागारांसोबत कामावर ठेवलं, आणि शेवटी त्यांच्याच विमानातून आम्ही सुटलो. आईसकट! ती रोज नमाजात तुमच्यासाठी दुआ मागते. आज जेवायला याच.”

“अरे, आज माझी एकादशी.”

“ताई, मी पुण्यात कॉलेज केलंय. आईनं सकाळीच साबुदाणा भिजवलाय.”