कांदळजुव्याचा वॉचमन

(शारजा, अल मजाज. इनडोअर हॉलमागे स्पर्धेचे सेक्रेटरी चारुदत्त यांची छोटी ऑफिसखोली. बाहेर बेटराष्ट्रांच्या फुटसाल, म्हणजे पाच-पाच जणांच्या फुटबॉल चषकाची सेमीफायनल पंचवीस मिनिटांवर आली आहे.)

चारुदत्त : म्हणजे आता, सेमीफायनलच्या दिवशी, तुम्ही मला सांगताय की कांदळजुवे हा देश नाही.

सोमनाथ : आहे असं आम्ही कधी म्हटलं, सर? तुम्ही विचारलंच नाही.

चारुदत्त : स्पर्धेचं नाव 'आयलंड नेशन्स कप' आहे, सोमनाथ. तुम्ही कॅप्टन आहात. नाव तरी वाचायचं.

सोमनाथ : वाचलं ना. फॉर्मात नॅशनॅलिटी विचारली होती, 'इंडियन' लिहिलं. या देशात नऊ वर्षं एसीचे डक्ट बसवतोय, चाळीसेक फॉर्म भरले असतील. सगळ्यांत तेच लिहिलंय. कोणी हरकत घेतली नाही. मग आयलंड विचारलं. कांदळजुवे लिहिलं. खाडीत आहे, चारी बाजूंनी पाणी.

विघ्नेश : ओहोटीक तीन बाजूंनी.

सोमनाथ : विघ्नेश, तू गोलकीपर आहेस. जाऊन ग्लोव्हज घाल.

विघ्नेश : घातलेत. म्हणान तर चाय घेतलंय नाय.

चारुदत्त : एका टीमचा व्हिसा अडकला, जागा रिकामी झाली, हातात दोन दिवस होते. तुमचा फॉर्म आला, मी पास केला. मला वाटलं, पॅसिफिकमध्ये असेल कुठेतरी.

सोमनाथ : नाव वाचून?

चारुदत्त : मी पुण्याचा आहे. मला समुद्रातलं काय कळतं.

सोमनाथ : पण आम्ही पहिल्या दिवसापासून तुमच्याशी मराठीत बोलतोय.

चारुदत्त : मॉरिशसवाल्यांच्या टीममध्येही एक जण बोलतो. म्हटलं, पसरलेत लोक.

विघ्नेश : पसरलेत ते आमीच.

चारुदत्त : कळलं कसं सांगतो. पोस्टरवाल्याला चारही टीमचे झेंडे हवे होते. तुमचा इंटरनेटवर सापडेना. मग त्याने नकाशा उघडला. नकाशावर तुमच्या जागी नुसती निळी खाडी आहे. तो गेला थेट स्पर्धेच्या मालकांकडे, फहद साहेबांकडे, आणि साहेब आले माझ्याकडे.

सोमनाथ : झूम करायला हवं होतं.

चारुदत्त : केलं. होडी दिसली.

सोमनाथ : मग झालं की. दगडूआजोबांची असणार.

चारुदत्त : हबीबी, हसण्यावारी नेऊ नका. हे बघा, तुमच्या फेडरेशनचं पत्र. 'कांदळजुवे ग्रामस्थ मंडळ (मुंबई), स्थापना एकोणीसशे अठ्ठावन्न.' हे तुमचं फुटबॉल फेडरेशन?

सोमनाथ : आमचं सगळं तेच आहे. पालखी तेच, पूरग्रस्त निधी तेच, फुटबॉल तेच. वेगळा शिक्का करायचा तर सभा बोलवावी लागते, आणि सभेला कोरम होत नाही. अध्यक्षांनी गिरणी बंद ठेवून सही केलीय, सर. दळण सोडून आले ते.

चारुदत्त : आणि राष्ट्रगीताच्या वेळी तुम्ही जे म्हणता ते काय आहे?

सोमनाथ : गाऱ्हाणं. कामाला हात घालण्याआधी देवाला सांगायचं. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आपल्या बाजूचा जो कोणी तिथे उभा असेल त्याने म्हणायलाच हवं. एक जरी गप्प राहिला तरी देव धरत नाही.

चारुदत्त : कोमोरोसची टीम त्यासाठी छातीवर हात ठेवून उभी होती.

विघ्नेश : चांगली माणसां. शेवटाक त्येंच्यातले दोघे 'व्हय' म्हणाले.

चारुदत्त : बरं, मार्ग काढलाय मी. साहेबांशी बोललो. तुम्ही खेळा. आधीचे निकाल तसेच राहतील. फक्त बोर्डावर नाव 'गेस्ट फाइव्ह'. ही पिवळी बिब्स घाला, जर्सीवरचं नाव झाकलं जाईल. यल्ला, इथे सही करा, खलास.

सोमनाथ : नाही.

चारुदत्त : नाही म्हणजे?

सोमनाथ : नाही म्हणजे सही नाही. बिब्स चांगली आहेत, बाहेरच्या पोरांना द्या.

चारुदत्त : अरे, सेमीफायनल आहे. जिंकलात तर दुबई मरीनामध्ये फायनल, मोठा स्क्रीन, हजार माणसं. नावात काय अडकलंय एवढं?

सोमनाथ : सांगू? आमची शाळा सहा वर्षांपूर्वी बंद झाली, पट पुरेना. मतदान समोरच्या गावात गेलं, आम्ही होडीने जाऊन करतो. मागच्या वर्षी लाइट बिलावरचा पत्ता बदलला. आधार कार्ड नवीन केलं, त्यावरही समोरचं गाव. एकतीस माणसं राहतात तिथे, आणि एकाच्याही कागदावर ती कुठे राहतात ते नाही.

विघ्नेश : बत्तीस. ममताक मुलगी झाली.

सोमनाथ : बत्तीस. गेल्या शुक्रवारी तुमच्या त्या लाल दिव्यांच्या बोर्डावर आलं, 'कांदळजुवे तीन, कोमोरोस दोन'. मी फोटो पाठवला. बाबांनी फ्रेम करून देवळात लावला.

चारुदत्त : देवळात?

सोमनाथ : सार्वजनिक भिंत तेवढीच उरलीय. आता तुम्ही सांगा, तिथे 'गेस्ट फाइव्ह'चा फोटो कसा लावायचा? स्वतःच्या घरी गेस्ट?

चारुदत्त : हे सगळं पटतं मला. पण नियम मी नाही बदलू शकत.

सोमनाथ : बदलू नका. दाखवा. रूलबुकात 'देश' हा शब्द कुठे आहे?

चारुदत्त : असणारच. बघतो. 'प्रत्येक टीम एका आयलंडची असेल…' नेशन… नेशन… थांबा हं.

सोमनाथ : नाही सापडणार. मी तीनदा वाचलंय. लेबर कॅम्पवर दुसरं वाचायला काही नसतं. एक विचारू, सर? कलम नऊ, 'आयलंडच्या गच्चीवर सराव करण्यास मनाई'. ही कुठल्या बेटाची गच्ची?

चारुदत्त : ती जरा…

सोमनाथ : कलम अकरा, 'आयलंडच्या पार्किंगमध्ये बॉल गेल्यास डॉट बॉल धरला जाईल'.

चारुदत्त : खाली बोला. मी सहा वर्षं दुबईत ऊद मेथाला बिल्डिंगांची क्रिकेट लीग चालवतो. ही स्पर्धा आठवड्यात उभी करायची होती. तेच रूलबुक घेतलं, 'बिल्डिंग'च्या जागी सगळीकडे 'आयलंड' टाकलं. एका क्लिकमध्ये झालं. क्रिकेट काढायचं थोडं राहिलं.

विघ्नेश : म्हणान तर फॉर्मात वॉचमन विचारलेलो.

सोमनाथ : कलम चार. 'आयलंडच्या वॉचमनचं नाव आणि मोबाईल नंबर नसल्यास टीम अपात्र.' आम्ही भरलं. दगडू तारी. बेटावर कोण येतं, कोण जातं, तोच बघतो, कारण तोच नेतो. पुढे होतं, 'लिफ्ट चालू आहे का'. आम्ही लिहिलं, 'लिफ्ट नाही, होडी आहे. ओहोटीला तीही नाही.' बाकीच्या टीमनी वॉचमनच्या रकान्यात काय लिहिलंय?

चारुदत्त : मालदीवने 'लागू नाही' लिहिलंय. माल्टाने रेघ मारली. सायप्रसने… एका मंत्र्याचं नाव लिहिलंय.

सोमनाथ : मंत्र्याचा मोबाईल नंबर?

चारुदत्त : दिलेला नाही.

सोमनाथ : मग सर, तुमच्या नियमाप्रमाणे अख्ख्या स्पर्धेत पात्र टीम एकच आहे. कप आत्ता इथेच उचलून नेऊ शकतो. तो काय, तुमच्या टेबलाखालीच आहे.

चारुदत्त : तुम्ही मला धमकी देताय?

सोमनाथ : छे. तसा नकोच आहे तो. आम्हाला मालदीवशी खेळायचंय. तेही बेटावरचे, आम्हीही बेटावरचे. ते बरोबर ओळखतील. आम्ही ओहोटीला चिखलात खेळून शिकलो, भरती आली की मॅच संपली. बॉल खाडीत घालवेल त्याने पोहून आणायचा. म्हणून आमचा एकही पोरगा गोलच्या वरून मारत नाही. हे तुमच्या गेस्ट फाइव्हला कोणी शिकवलंय?

चारुदत्त : फहद साहेब मला उभं करून विचारतील.

सोमनाथ : त्यांना रूलबुक द्या.

चारुदत्त : ते दिलं तर नोकरी जाईल.

सोमनाथ : मग नका देऊ. सांगा, कागदपत्रं तपासली, सर्वांत पूर्ण यांचीच आहेत. खोटं आहे का त्यात काही?

चारुदत्त : नाही. तोच त्रास आहे.

विघ्नेश : साहेब, धा मिनटां रवली.

चारुदत्त : माझी मुलगी ईशानी बाहेर बसलीय. गालावर तुमच्या बेटाचं नाव रंगवून आलीय. मी म्हटलं, अगं इंडिया लिही. तर म्हणते, “बाबा, इंडिया इज नॉट प्लेइंग.”

सोमनाथ : शहाणी आहे.

चारुदत्त : द्या इकडे ती टीमशीट. कांदळजुवे. 'जु' ऱ्हस्व ना? बोर्डवाल्याने मागच्या वेळी मला दोनदा विचारलं. ही झाली सही. साहेबांना मी बघतो, इन्शाल्ला. आता निघा… नाही, थांबा. कलम सहा.

सोमनाथ : माहितीय. 'मॅच संपेपर्यंत आयलंडचा वॉचमन हजर पाहिजे.'

चारुदत्त : ते मी लिहिलं होतं ते काचा फुटायच्या म्हणून. पण आता एवढं नियमावर भांडलात, तर तो कुठाय?

सोमनाथ : दोन मॅचना व्हिडिओ कॉलवर होता. बाकावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचो. आज तिकडे भरती आहे, आजोबा होडीवर. होडीवर फोन नेत नाहीत, दोन पडलेत.

विघ्नेश : तिसरो मंडळान दिलेलो.

चारुदत्त : मग?

सोमनाथ : कलम सहाची शेवटची ओळ. 'वॉचमन रजेवर असल्यास सेक्रेटरी त्याची जबाबदारी घेतील.'

चारुदत्त : सेक्रेटरी म्हणजे मी.

सोमनाथ : व्हय. बाकावर बसायचं. कोण येतं, कोण जातं, बघायचं.

चारुदत्त : मी आयुष्यात होडीत बसलेलो नाही, सोमनाथ.

विघ्नेश : बसान काय मोठा नाय. हलू नको म्हणजे झाला.

चारुदत्त : चला. (सगळे हॉलमधल्या कोर्टावर येतात.) कुठे उभं राहायचं मी? इथे?

सोमनाथ : माझ्या डाव्या हाताला. बोर्ड बघा, आलं नाव. सगळे आले ना जवळ? बा देवा म्हाराजा…

विघ्नेश : व्हय म्हाराजा.

सोमनाथ : आज ही तुझी लेकरां परमुलखात, लाकडाच्या जमनीवर उभी आसत म्हाराजा…

विघ्नेश : व्हय म्हाराजा.

सोमनाथ : हरलव तर हरलव, पण ज्या नावान इलव त्याच नावान परत जांव दे म्हाराजा…

विघ्नेश : व्हय म्हाराजा.

सोमनाथ : आणि जो कोण ता नाव पुसूक येतलो, तेका आधी आमच्या वॉचमनाक विचारूक लाव रे म्हाराजा…

विघ्नेश : साहेब, आता तुमी. देव थांबलोहा.

चारुदत्त : होय महाराजा.