धार नसलेली तलवार

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय अमृतराव, प्रमुख पाहुणे माननीय काकासाहेब, व्यासपीठावरील संचालक मंडळी, माझे सहकारी शिक्षक बंधुभगिनी, पालक आणि समोर तासाभरापासून गप्प बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मुख्याध्यापक म्हणून आपल्यासमोर उभं राहायची ही शेवटची वेळ. डोक्यावर फेटा आहे, खांद्यावर शाल आहे, हातात तुम्ही दिलेली तलवार आहे. काकासाहेबांनी ती देताना माझ्या कानात सांगितलं, "सर, संभाळून, धार न्हाई पन टोक हाय." मला बरं वाटलं. एकतीस वर्षं ज्यानं मुलांना लढाया फक्त फळ्यावर दाखवल्या, त्याच्या हाती धारेची तलवार द्यायची तरी कशाला?

आमच्या दीपा मॅडमनी मानपत्र फार सुंदर वाचलं. त्यात मला 'शब्दाला जागणारा व्रतस्थ योद्धा' म्हटलं आहे. मॅडम, आपली भाषा मला पहिल्यापासून आवडते. पण इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते, कागदावर लिहिलेलं खरं धरण्याआधी तो पुरावा मागतो. आज मी तोच मागणार आहे, आणि तो माझ्याविरुद्धच निघणार आहे. अध्यक्ष महोदय, पाच-दहा मिनिटं जास्त लागली तर कळ काढावी.

तुमच्यापैकी बहुतेकांना माझा तो तास आठवत असेल. वीरांचा धर्म. निःशस्त्रावर वार करायचा नाही. पाठ फिरवलेल्यावर करायचा नाही. शरण आलेल्याला आसरा द्यायचा. दिलेला शब्द पाळायचा. खर्ड्याच्या किल्ल्यात सहल नेली की तटावर उभा राहून मी हे दरवर्षी सांगायचो आणि खाली मुलं शेंगा खात ऐकायची. जपानचे सामुराई सांगायचो, गुडघा टेकून शपथ घेणारे युरोपातले सरदार सांगायचो. घसा बसेपर्यंत सांगायचो.

एक गोष्ट मात्र सांगायचं टाळायचो. ते चिलखती सरदार एकमेकांना जिवंत पकडायचे, आपल्या पंगतीला बसवायचे. त्यांच्या घोड्यांमागं पायी धावणाऱ्या साध्या शिपायांना मात्र कापून काढायचे. धर्म होता, पण तो बरोबरीच्यांपुरता होता. आपल्याकडच्या थोर युद्धकथेतही पहिल्या दिवशी नियम ठरतात आणि शेवटाकडं चाक रुतलेल्या माणसावर बाण सुटतो. मग नियम नक्की कुणासाठी असतात? हे मला पुस्तकातून कळलं नाही. सचिवांच्या कार्यालयात कळलं.

आपल्या शाळेचं मर्दानी खेळांचं पथक मी उभं केलं. काठी, पट्टा, भाला. मैदानावर माझे दोन रिवाज होते. लढतीत समोरच्याच्या हातातली काठी पडली, की आपल्या काठीचं टोक जमिनीला टेकवायचं आणि तो ती उचलेपर्यंत थांबायचं. आणि पडल्या काठीवर कुणी वार केलाच, तर वार करणाऱ्यानं आपली काठी समोरच्याच्या पायाशी ठेवून बाजूला बसायचं. समोरच्यानं ती उचलून परत दिली तरच तिला हात लावायचा.

चार वर्षांपूर्वी आपल्या पथकातली ज्ञानेश्वरी जिल्ह्याच्या अंतिम लढतीत पोचली. दहावीत होती. पाथर्डी तालुक्यातली पोर, आईबाप ऊसतोडीला. खेळाडूंच्या कोट्यातून वसतिगृहात जागा मिळाली म्हणून शाळेत टिकली होती. अर्धं मिनिट उरलं असताना ती एका गुणानं पुढं होती. समोरच्या मुलीच्या हातातून काठी निसटली. हिनं टोक टेकवलं आणि थांबली. ती मुलगी वाकली, काठी उचलली आणि ही सावरायच्या आत दोन वार लावले. शिट्टी झाली. आपण हरलो.

हरलो ते एक वेळ खपलं असतं. पण आपण आदल्याच दिवशी 'जिल्हा विजेते' असा फ्लेक्स छापून एसटी स्टँडसमोर लावला होता. त्यावर ज्ञानेश्वरी पासपोर्टएवढी होती आणि संचालक मंडळ पुरुषभर उंचीचं होतं. तो फ्लेक्स भर बाजाराच्या दिवशी उतरवावा लागला. मग कुणीतरी बोललं की पोरगी समोरच्या शाळेला फितूर झाली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात चौकशी झाली. ती उभी होती, मी बसलो होतो. अमृतराव, आपण मला विचारलंत, "सर, पडल्या काठीवर मारायचं न्हाई, असा नियम हाय का स्पर्धेत? व्हय का न्हाई, येवढंच सांगा."

मी म्हणालो, "नियम नाही."

खोटं नव्हतं ते. स्पर्धेच्या पत्रकात असा नियम नव्हताच. तो माझा होता. एवढंच पुढं बोलायचं होतं, की हे मी शिकवलंय. पण त्या जूनमध्ये मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती आणि सही आपली लागणार होती. माझी जीभ तिथंच थांबली. आपल्याला मी दोष देत नाही; आपण विचारलंत, उत्तर माझं होतं.

मंडळी, त्या पोरीनं माझं नाव घेतलं नाही. एकदा फक्त माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. ती पथकातून गेली, म्हणून कोट्यातून गेली, म्हणून वसतिगृहातून गेली. गावातल्या घराला कुलूप होतं. मार्चमध्ये तिच्या वर्गातली मुलं दहावीचा पेपर लिहीत होती तेव्हा ती फडात मोळ्या बांधत होती. जूनमध्ये मी मुख्याध्यापक झालो. पेढे तुम्ही सगळ्यांनी खाल्लेत.

चार वर्षं मी त्या खुर्चीत बसलो आणि 'वीरांचा धर्म' शिकवत राहिलो. लाज वाटत होती, पण तास घंटेवर सुरू व्हायचा आणि घंटेवर संपायचा. लाजेला तेवढी सवड पुरत नाही.

मागच्या आठवड्यात निरोपाची पत्रिका घेऊन मी कोल्हारच्या अलीकडं एका उसाच्या फडात गेलो. हातात कोयता, डोक्याला फडकं, मी तिला ओळखलंच नाही. तिनंच ओळखलं. पाणी दिलं. मी विचारलं, "बाई, तू माझं नाव का नाही घेतलंस त्या दिवशी?"

ती म्हणाली, "तुमच्या हातात काठी न्हवती, सर, तवा. कसा करनार वार?"

कोयता परत हातात घेत ती म्हणाली, "तुमी खोटं न्हाई बोलला. नियम न्हवताच. पन उद्या परत कुनाची काठी पडली ना, तर मी परत थांबंन."

माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत माझा धडा एकीनंच शिकला, आणि तिला मी शाळेबाहेर काढलं. मॅडम, मानपत्रातली ती ओळ खोडावी असं मी म्हणत नाही. फक्त नाव बदला.

तिला मी ये म्हणालो होतो. ती म्हणाली, "येते, पन पुढं बसनार न्हाई." एक दिवसाचा खाडा करून ती आली आहे. आई भागूबाईंबरोबर दाराजवळच्या रांगेत बसली आहे. कृपा करून सगळ्यांनी एकदम वळून बघू नका. तिला ते आवडणार नाही.

आता आवरतं घेतो. संस्थेनं भाकरी दिली, सहकाऱ्यांनी सांभाळून घेतलं, शिपाई जालिंदरनं रोज माझ्याआधी येऊन कुलूप उघडलं. सर्वांचे मनापासून आभार. अमृतराव, आपल्या समारंभाचा रंग मी उतरवला, त्याबद्दल दिलगीर आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण सर्वांनी पोटात घालावं. 'नियम नाही' या दोन शब्दांबद्दल मात्र या सभागृहानं मला माफ करू नये. ते तुमच्या हातातलं नाही.

मैदानावरचा रिवाज मी मघाशी सांगितला. ही तलवार मी आता तिच्या पायाशी ठेवणार आहे आणि बाजूला बसणार आहे. तिनं उचलून दिली तर घरी नेईन. नाही दिली, तर तिथंच राहील.

ज्ञानेश्वरी, तू उठू नकोस. मी येतो तिकडं.