साडूच्या गाडीचे दिवे

पंक्चर निघेपर्यंत मास्तरीणबाई गॅरेजच्या बाकावर पेपर उघडून बसल्या होत्या, पण कान होते शेजारच्या जोडप्याकडे. समोर मिस्त्री एका जुन्या गाडीचे दिवे घासत होता.

“अहो, ही आपलीच ना? ताई-भाऊजींना विकलेली?”

“हं.”

“दिवे किती लख्ख झालेत! मोतीबिंदू झालेली म्हातारी म्हणायचात तुम्ही हिला.”

“साडूला मिरवायची हौसच दांडगी. दिवे घासून म्हातारी तरुण होते होय?”

“झालीय खरी. आपल्या नवीपेक्षाही उठून दिसतेय.”

“तुला माहेरचं सगळंच उठून दिसतं!”

“मी दिव्यांबद्दल बोलतेय.”

“ओ मिस्त्री, हिचं झालं की आमच्या गाडीचेही दिवे घासा.”

“साहेब, कोरे करकरीत आहेत ते. घासले तर कंपनीचा वरचा थर निघेल. मग वर्षभरात धुरकट होतील बघा.”

“होऊ देत.”

“अहो, वेड लागलंय का तुम्हाला?”

“वर्षाचं वर्षानं बघू. रविवारी त्याच्या दारात, या म्हातारीच्या शेजारी उभी करायचीय आपली गाडी.”