बोलणारा बदाम सात

…हार नको होते हो मला! पण निदान एक नारळ? इतक्या लांब बंगळूरला शिकून, डोळ्यांनी न दिसणाऱ्यालाही खेळता येईल असा पत्त्यांचा खेळ फ्लॉपीत घालून मी सिल्वासात उतरले, तेव्हा वाटलं होतं, लोक म्हणतील, 'शाब्बास पोरी!' आणि ऐकायला काय मिळालं? कॉम्प्युटर क्लासच्या दारात श्रीकांत सर : "मॅडम, चपला बाहेर! एसी आहे."

तुम्हाला सांगते, खेळ होता नलिनीमावशीसाठी. इथल्या सरकारी शाळेत वीस वर्षं गणित शिकवलं तिनं, मग काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. क्वार्टर्समध्ये दर रविवारी बदाम सातचा डाव. डोळे गेल्यावर मावशीचे पत्ते तिच्या कानात वाचायचं कोण? प्रभाकरकाका! म्हणजे जे समोर खेळायला बसलेत तेच! अहो, परीक्षेला बसलेल्यानंच पेपर तपासायचा? मावशी दर रविवारी हरायची आणि काका हळहळायचे, "नलिनीताई, नशीबच नाही हो तुमचं!" नशीब!

म्हणून मी खेळ बनवला. इंटरनेटची गरजच नाही… नाहीतरी इथं ते लावायचं म्हणजे वापीला एसटीडी फोन, त्याचं बिल कोण भरणार! ब्राउझर उघडायचा, फ्लॉपी घालायची, बटण दाबलं की हेडफोनमध्ये पत्ता बोलतो. माझ्या आवाजात! "किल्वर दश्शी." "चौकट राणी." ज्याची पाळी तो कॉम्प्युटरपुढे, बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं.

सरांनी पाहिलं. "एवढं कशाला, मॅडम? चित्रं मोठी करा की!"

"सर, तिला दिसत नाही."

"म्हणून तर म्हणतो, मोठं करा की!" आणि पडद्यावर पपईएवढा बदाम काढला. "आता?"

"सर… नाही दिसत."

"अजून मोठं करू?"

मग रविवारी मावशीला क्लासात घेऊन गेले. सुलभाकाकू आल्या, प्रभाकरकाकांच्या सौभाग्यवती. मावशीच्या कानाशी तोंड नेऊन, "नलिनीऽऽ! बरी आहेस नाऽऽ?" मावशी दचकलीच. म्हणाली, "सुलभा, डोळे गेलेत गं. कान आहेत."

डाव बसला. मावशी, काका, काकू, चौथे सर. मावशीनं हेडफोन लावला, बटणं चाचपली आणि… पहिला डाव खिशात! काकांचा चेहरा असा, जणू साखर समजून मीठ खाल्लं! उठले. "थांबा, थांबा! हिच्या कानात काय सांगतात, आम्हाला काय कळणार? नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. काढा ते कानातलं!"

आणि सरांनी काढली हो वायर! झालं. मावशीची पाळी आली आणि माझा तो गोड, शिकलेला आवाज अख्ख्या क्लासात घुमला, "इस्पिक राजा!" काका भिंतीकडे तोंड करून, अगदी सज्जनासारखे, "मोठं करा की जरा!" मी आवाज लहान करतेय, सर मोठा करतायत… आता राणी पडल्याशिवाय राजा पडत नाही, आणि राणी काकांच्या हातात. बसले की दाबून शेवटपर्यंत! माझ्याच आवाजानं माझ्या मावशीला हरवलं. "नशीब हो, नलिनीताई!"

घरी जाताना मावशीनं माझं कोपर धरलं होतं. म्हणाली, "अशू, पुढच्या रविवारी मी यायची नाही."

"एका डावानं काय होतं, मावशी?"

"हरण्याचं काही नाही गं. त्यांना पत्ते दिसतात म्हणून ते हुशार आणि मला ऐकू येतात म्हणून मी लबाड? हे नाही सोसत."

समान संधी, माणुसकी… बंगळूरला या विषयावर भाषणं ठोकलीत मी! रात्रभर तीच भाषणं मनातल्या मनात काकांना ऐकवली. काका घोरत असणार.

सकाळी दात घासताना ती सगळी चुळीबरोबर थुंकून टाकली. 'नियम सगळ्यांना सारखा' ना, काका? घ्या! खेळातली चित्रं मी पुसून टाकणार. सगळी! पडदा काळा कुळकुळीत, ज्याची पाळी त्याच्या कानाला हेडफोन आणि बावन्न पत्ते फक्त ऐकायचे. मावशीला सांगितलं. चहा बशीत ओतता ओतता थांबली ती. "अगं, प्रभाकरला मेल्याला भाजी काय आणायची तेसुद्धा लक्षात राहत नाही!" आणि मग विचारलं, "रविवारी किती वाजता?"

जग सुधारायला आले होते हो मी इथं, खरंच सांगते… ते सुधारेल त्याच्या सवडीनं. तोवर म्हटलं, काकांना तरी हरवून घेऊ.