स्वतःला समजतोस कोण?

नाही, पण मी म्हणतो, हा काय प्रश्न झाला? तुम्हाला सांगतो, आधीच निकाल लागलेला, यादीत नाव नाही, तिसऱ्यांदा नाही, घरातले सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलतायत, आणि अशात आमची मामेबहीण येते, समोर खुर्ची ओढते, पेन उघडते आणि गोड आवाजात विचारते, "दादा, तू स्वतःला कोण समजतोस?"

अगं, भांडायचं तर सरळ भांड ना. पण नाही, ती मानसशास्त्र शिकते, आणि स्पर्धा परीक्षावाल्यांची स्वतःबद्दलची समजूत नि त्यांची चिकाटी यांचा संबंध काय, असा तिचा प्रकल्प, आणि मी तिचा पहिला नमुना. नमुना तर मी आहेच, आई कायम म्हणते, पण कॉलेजची मान्यता आत्ता मिळाली.

बरं, प्रश्न मला काय नवा? अभ्यासिकेत पुढच्या खुर्चीवर पाय टाकले की तिथले काका चष्म्यावरून बघत, "ए, स्वतःला समजतोस कोण?" पहिल्यांदा आपटलो नि म्हटलं, तपासणाऱ्याचंच चुकलं असेल, तर बाबा, "स्वतःला समजतोस कोण?" पण उत्तर कुणाला हवं होतं हो? विचारायचं आणि लगेच ओरडायचं, अशी रीतच आहे. ही बया विचारून थांबली... पेन धरून.

म्हटलं, "अधिकारी."

"झालास का?"

म्हटलं, "बरं, बेकार."

"मग रोज पहाटे उठून बसतोस ते कशाला?"

खरं सांगतो, वर्मी लागलं. कारण इकडे हिच्याच वडिलांच्या, म्हणजे मामाच्या टायरच्या दुकानात मला चिकटवायचं ठरत होतं, पुस्तकं बांधून माळ्यावर, आणि बाबांना रात्री जेवताना हो की नाही ते सांगायचं होतं. आणि मी काय करत होतो? निकाल लागला त्याच दुपारी चुकलेली गणितं परत सोडवत बसलो होतो! कुणी सांगितलं नव्हतं. मग यादीत नाव नाही, ते कुणाचं नाही? अधिकाऱ्याचं. तो व्हायचाय अजून. पण रोज उठून बसतो तो तर मी आहेच की, त्याला कुठला निकाल नापास करणार?

"लिही," म्हटलं, "अभ्यास करणारा माणूस."

जेवताना सांगून टाकलं, दुकानात येत नाही, पुन्हा परीक्षेला बसणार. बाबांचा घास हातातच राहिला. "तीनदा तोंडावर पडलास, मामा स्वतःहून बोलावतोय, आणि वर नाही म्हणतोस? स्वतःला समजतोस कोण?"

आणि मी उत्तर दिलं हो. शांतपणे. "अभ्यास करणारा माणूस."

आजवर कुणी उत्तरच दिलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय म्हणायचं असतं ते बाबांनाही ठाऊक नाही. आई हसू दाबत आत गेली. बाबा पाणी प्यायले, परत प्यायले, आणि म्हणाले, "बस मग. होईपर्यंत बस, मी आहे. पण दुपारपर्यंत टायर."

म्हणजे बघा... जन्मात एकदा उत्तर बरोबर आलं, तर गुण निम्मेच.